नोंदवहीत न येणारी दुखापत : मोकळे धावणारे श्वान, मोडलेले हाड आणि पुन्हा चालू लागणे

वार्षिक अहवालात जमाखर्च व विभागवार कार्यवृत्तान्त यांच्या जोडीला आरोग्यविषयक एक अभ्यासलेख देण्याची आपल्या रुग्णालयाची प्रथा आहे. हा लेख बहुधा एखादे तज्ज्ञ डॉक्टर लिहितात. यंदाचा विषय मात्र शस्त्रक्रियागृहातून नव्हे, तर नोंदणी खिडकीवरून पुढे आला, म्हणून विश्वस्त मंडळाने लेखनाचे काम प्रशासनाकडे सोपविले. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असून हाडांविषयी त्याचे ज्ञान बेताचेच आहे. नोंदवहीतील रकाने वाचणे एवढेच त्याला नीट जमते. लेखातील वैद्यकीय भाग अस्थिरोग व भौतिकोपचार विभागांतील सहकाऱ्यांनी तपासून दिला आहे, हे आरंभीच नमूद करावेसे वाटते.

कुत्रा चावलेल्या रुग्णाची नोंद स्वतंत्र होते. चावा कोठे, केव्हा, कुत्रा पाळीव की भटका, लसीच्या मात्रांच्या तारखा, सारे त्यात असते. परंतु कुत्रा चावला नाही, नुसता येऊन आदळला, किंवा अंगावर येतो आहे असे वाटून माणूस पळाला आणि पडला, तर त्याच्या केसपेपरवर एकच शब्द येतो : 'पडल्याने'. जिन्यावरून घसरलेला, न्हाणीघरात पाय निसटलेला आणि कुत्र्याच्या धडकेने कोसळलेला असे तिघेही त्याच एका शब्दाखाली जातात. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे, तर हा खर्च चुकीच्या खात्यावर पडतो आणि ज्या खात्यावर पडावयास हवा ते खाते कोरे दिसते. चाव्याबद्दल सारे शहर बोलते. धडकेबद्दल फक्त ती बसलेले कुटुंब बोलते, आणि त्यांचेही बोलणे घराच्या चार भिंतींत राहते.

अँटॉप हिलचा परिसर वाचकांना परिचित आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या वसाहतीतील जुने रुंद अंतर्गत रस्ते, दोन्ही बाजूंची मोठी झाडे, काणे नगर, प्रतीक्षा नगर, संगम नगर, वडाळा आरटीओकडील गोदामांचा पट्टा, आणि त्यांच्यामध्ये उभे राहिलेले उंच मनोरे. सकाळी साडेपाच-सहाला या रस्त्यांवर वाहने विरळ असतात, त्यामुळे ज्येष्ठ नागरिक फिरावयास याच वेळी निघतात. नेमक्या याच वेळी मनोऱ्यांतील पाळीव कुत्र्यांनाही खाली आणले जाते, आणि रस्ता मोकळा दिसला की पट्टा सोडला जातो. मोकळा सुटलेला पाळीव कुत्रा आणि रस्त्यावरचे कुत्रे यांची एकदा शर्यत लागली, म्हणजे त्यांच्या दृष्टीने माणसे हे वाटेतील खांब असतात. त्यांच्या मनात कसलेही वैर नसते. दुखापत मात्र वैराइतकीच खरी होते.

गेल्या वर्षी उपचार घेतलेल्या एका भगिनीची हकीकत त्यांच्या संमतीने, नाव न देता, येथे देत आहोत. वय साठीच्या उंबरठ्यावर. घरगुती डबे करून देण्याचा व्यवसाय, पहाटे चारपासून पोळ्या, आणि डबे गेल्यावर अर्धा तास चालणे हाच काय तो विसावा. त्या दिवशी त्या रस्त्याच्या कडेला एका शेजारणीशी बोलत उभ्या होत्या. पाठीमागून दोन कुत्री एकमेकांचा पाठलाग करीत आली. एकाच्या गळ्यात पट्टा होता, दुसरे रस्त्यावरचे. पुढचे कुत्रे वळले, मागच्याला वळता आले नाही आणि ते बाईंच्या उजव्या गुडघ्यावर बाहेरच्या बाजूने आदळले. चावा नाही, ओरखडा नाही, रक्ताचा थेंब नाही. मालक धावत आले, मनापासून क्षमा मागितली, रिक्षा करून घरी सोडले. घरी सर्वांचे एकमत झाले की मुका मार आहे. चार दिवस तेलाचे मालीश झाले. पाचव्या दिवशी गुडघा नारळाएवढा सुजला आणि त्या मुलाच्या खांद्यावर भार टाकून आपल्या दारात आल्या. नडगीच्या हाडाचा वरचा सपाट भाग, ज्यावर मांडीचे हाड टेकते तो, बाहेरच्या बाजूने दबून फुटला होता.

या दुखापतीमागील यंत्रणा समजून घेण्याजोगी आहे. मध्यम बांध्याचा कुत्रा वीस-पंचवीस किलो वजनाचा असतो आणि भर वेगात सायकलस्वाराला सहज मागे टाकतो. त्याच्या खांद्याची उंची आणि आपल्या गुडघ्याची उंची जवळजवळ एकच. माणूस निवांत उभा असताना गुडघा ताठ असतो आणि सारा भार त्याच पायावर असतो. अशा वेळी बाहेरून धडक बसली की गुडघा आत वाकतो, आतील बाजूचा अस्थिबंध ताणला जातो किंवा तुटतो, आणि बाहेरील बाजूस मांडीच्या हाडाचा गोळा नडगीच्या सपाट माथ्यावर घणासारखा बसतो. मोटारीचा बंपर लागून पादचाऱ्याला नेमकी हीच दुखापत होते, म्हणून डॉक्टरमंडळी तिला 'बंपर फ्रॅक्चर' या नावानेही ओळखतात. गुडघा किंचित वाकलेला असेल आणि वजन दोन्ही पायांवर असेल, तर तीच धडक बरीचशी स्नायूंवर झेलली जाते. बचावाच्या सूचनांत पुढे याचाच उपयोग होणार आहे.

पडताना हात टेकल्यास मनगट मोडते. उतारवयात कुशीवर पडल्यास खुब्याचे हाड मोडते, आणि यांत सर्वांत गंभीर तेच. खुब्याच्या अस्थिभंगात शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या एक-दोन दिवसांत व्हावी, असा आज सर्वत्र आग्रह आहे. रुग्ण जितका अधिक काळ अंथरुणाला खिळतो तितका न्यूमोनिया, शय्याव्रण आणि रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका वाढतो. 'वय झाले आहे, कशाला चिरफाड' या विचाराने वृद्धांना घरीच निजवून ठेवणारी कुटुंबे आजही भेटतात. त्यांचा हेतू मायेचा असतो, पण परिणाम नेमका उलट होतो.

घरी मुका मार आणि अस्थिभंग यांत फरक कसा ओळखावा, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. पूर्ण खात्री एक्स-रेशिवाय होत नाही आणि गुडघ्याच्या बाबतीत कधी कधी एक्स-रेही पुरत नाही, सीटी स्कॅन करावे लागते. तरी काही खुणा निश्चित आहेत. त्या पायावर चार पावलेही टाकता न येणे, दोन-तीन तासांतच सांधा टम्म सुजणे, गुडघा काटकोनात न वाकणे, हाडावर बोट ठेवताच कळ येणे, यांपैकी एक जरी आढळले तरी मालीश करू नये, 'हाड बसविणाऱ्या'कडे जाऊ नये. पाय उशीवर उंच ठेवून, कापडात गुंडाळलेला बर्फ लावून रुग्णालय गाठावे. पोटरी दगडासारखी घट्ट झाली, औषध घेऊनही वेदना वाढतच राहिल्या, बोटे बधिर किंवा फिकट पडली, तर ती तासांची नव्हे, मिनिटांची बाब समजावी. स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढून पाय गमावण्याचा तो इशारा असतो. तसेच, रक्त पातळ करणारी गोळी घेणारी व्यक्ती डोके आपटून पडली असेल तर ती हसतबोलत असली तरीही तपासणी त्याच दिवशी व्हावयास हवी.

चाव्यासंबंधी

धडकेच्या गडबडीत चावा किंवा ओरखडा दुर्लक्षित राहतो, म्हणून अंगावरील कपडे बाजूला सारून एकदा नीट पाहावे. अलर्क रोग, म्हणजेच रेबीज, एकदा लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. आणि लक्षणे दिसण्यापूर्वी योग्य उपचार झाले तर तो जवळजवळ नेहमीच टाळता येतो. एवढी स्पष्ट सीमारेषा असलेले रोग वैद्यकात फार थोडे आहेत.

पहिला उपचार घरच्या नळाखाली होतो. वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम सलग १५ मिनिटे धुवावी. पंधरा मिनिटे हा काळ बोलावयास सोपा आणि नळाखाली उभे राहावयास फार लांब वाटतो, म्हणून घड्याळ समोर ठेवावे. तिखट, हळद, चुना, तेल, तंबाखू यांपैकी काहीही लावू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीनुसार धडधाकट कातडीवर कुत्र्याने नुसते चाटले तर धुणे पुरेसे असते. रक्त न आलेला ओरखडा किंवा दाताची पुसट खूण असेल तर लस हवी. आणि कातडी फोडून रक्त आले असेल किंवा जखमेवर लाळ लागली असेल तर लसीसोबत जखमेच्या आत व भोवती इम्युनोग्लोब्युलिन टोचावे लागते. लस दंडाच्या स्नायूत दिली, तर बहुधा त्याच दिवशी व त्यानंतर ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी मात्रा दिल्या जातात. कातडीत देण्याच्या पद्धतीत १४ व्या दिवसाची मात्रा वगळली जाते. गर्भवती व स्तनदा मातांनाही हा उपचार नाकारावयाचा नसतो. कुत्रा दहा दिवस निरोगी राहिला, तर पुढील मात्रांविषयी डॉक्टर निर्णय घेऊ शकतात. परंतु आधी लस सुरू करावी आणि मग कुत्र्यावर लक्ष ठेवावे, हा क्रम उलटा होऊ देऊ नये. आवश्यकतेनुसार धनुर्वाताचे इंजेक्शन वेगळे.

अनेक ज्येष्ठांच्या मनात अद्याप पोटात घ्यावयाच्या चौदा इंजेक्शनांची धास्ती आहे. ती धास्ती निराधार नव्हती. १८८५ मध्ये लुई पाश्चर यांनी पॅरिसमध्ये जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास पहिल्यांदा लस टोचली. भारतात १९०० मध्ये कसौलीस पाश्चर संस्था उघडली आणि तेथेच डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. पुढील अनेक दशके हीच वेदनादायक लस गोरगरिबांच्या वाट्यास आली. २००४ च्या अखेरीस आपल्या देशात तिचे उत्पादन थांबविण्यात आले. आजची लस पेशींवर वाढविलेली असते, दंडात घेतली जाते आणि घेतल्यावर माणूस कामावर जाऊ शकतो. पालिकेच्या रुग्णालयांत ती विनामूल्य मिळते. आपल्या भागातून शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय सर्वांत जवळ.

पुन्हा उभे राहणे

वर उल्लेखिलेल्या भगिनींच्या गुडघ्यात पट्टी व स्क्रू बसविण्यात आले. शस्त्रक्रिया दोन तासांत संपली. तिच्यानंतरचे तीन महिने हाच खरा उपचार होता. हे रुग्णांच्या नातेवाइकांना आधीच सांगितले पाहिजे असे आमचे मत झाले आहे, कारण बहुतेक कुटुंबे पैशांची व धीराची सारी तजवीज शस्त्रक्रियेच्या दिवसापुरतीच करतात.

नडगीच्या माथ्याचा अस्थिभंग असल्यास साधारणतः ६ ते १२ आठवडे त्या पायावर पूर्ण भार देता येत नाही. किती आठवडे, हे एक्स-रे पाहून शल्यचिकित्सकच ठरवितात. पण भार न देणे म्हणजे हालचाल न करणे नव्हे, हा भेद रुग्णांच्या ध्यानी येण्यास फार वेळ लागतो. गुडघा न वाकविता महिनाभर ठेवला, तर हाड जुळते आणि सांधा आखडतो. मग भारतीय बैठकीचा संडास, देवापुढील मांडी, लोकलचा पायऱ्यांचा पूल, सारेच दुरावते. म्हणून डॉक्टरांनी परवानगी देताच पलंगावर पडल्या-पडल्या घोटा वरखाली करणे, मांडीचा स्नायू आवळून दहा अंक मोजेपर्यंत धरणे, टाच अंथरुणावरून हळूहळू मागे ओढणे असे व्यायाम सुरू होतात. थोडे थोडे, दिवसातून अनेकदा. एकाच वेळी तासभर व्यायाम करून संध्याकाळी सुजलेला गुडघा घेऊन येणारे उत्साही रुग्ण आमच्या भौतिकोपचार विभागास आळशी रुग्णांइतकाच त्रास देतात.

वॉकर व काठी यांविषयी दोन गोष्टी. काठी दुखऱ्या पायाच्या बाजूस नव्हे, तर विरुद्ध हातात धरावयाची असते. ही चूक दहांपैकी निम्म्याहून अधिक माणसे करीत असावीत, असे बाकावर बसून पाहताना वाटते. जिना चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना दुखरा पाय व काठी आधी खाली. घरात पायपुसणी, विजेच्या तारा आणि ओली फरशी यांचा बंदोबस्त वॉकर घरी येण्याच्या आधी व्हावा. संडासात कमोडची खुर्ची व भिंतीस धरण्याचा दांडा लागतो. चाळीत व झोपडवस्तीत, जेथे संडास सार्वजनिक आहे, तेथे हा प्रश्न औषधांपेक्षा मोठा असतो, आणि सुनेला किंवा मुलीला कामावरची रजा यासाठीच काढावी लागते. पोटरी दुखून सुजणे, अचानक दम लागणे, टाक्यांतून पू येणे, ताप येणे, ही तत्काळ परत येण्याची कारणे.

आहारात नाचणी, दूध-दही, पालेभाज्या, डाळी, अंडी, काट्यांसकट खाल्ली जाणारी लहान मासळी हे सारे आपल्या घरी असतेच. वेगळ्या महागड्या पावडरींची गरज क्वचितच पडते. ड जीवनसत्त्वाची तपासणी डॉक्टर सांगतील तर करावी. धूम्रपानाने व तंबाखूने हाड जुळण्यास विलंब लागतो. मशेरी हीसुद्धा तंबाखूच होय, हे आमच्या परिचारिकांना दरवेळी नव्याने सांगावे लागते.

या भगिनींचा गुडघा अकराव्या आठवड्यात भार घेऊ लागला. तरीही त्या घराबाहेर पडेनात. भौतिकोपचार विभागातील ताईंनी कारण विचारले तेव्हा प्रथम 'सवड होत नाही' म्हणाल्या, मग 'ऊन फार' म्हणाल्या. शेवटी म्हणाल्या, "ताई, पाठीमागून पावलांचा आवाज आला की पाय जागच्या जागी गोठतो. मग ते कुत्रे असो की पेपरवाला."

ही भीती लाज वाटण्यासारखी नाही. ती दुखापतीचाच एक भाग असून तिच्यावरही क्रमाने उपचार करावा लागतो. घाबरलेला माणूस ताठ गुडघ्याने, लहान पावले टाकीत, नजर जमिनीला खिळवून चालतो, आणि तसे चालणे त्याला पुन्हा पाडण्यास पुरेसे असते. शिवाय चालणे बंद झाले की मांडीचे स्नायू रोडावतात. त्यामुळे ताईंनी त्यांना प्रथम रुग्णालयाच्या आवारात, नंतर दुपारी रिकाम्या रस्त्यावर नातीचा हात धरून, मग सकाळी पण पट्ट्याने बांधलेल्या एका शांत कुत्र्यापासून रस्त्याच्या पलीकडून, अशी पायरीपायरीने सवय लावली. "काकू, आज त्या झाडापर्यंतच. उद्याचे उद्या पाहू," असे त्यांचे रोजचे बोलणे. पाच आठवडे गेले. आज त्या चालतात. डबे मात्र पूर्वीच्या निम्मेच करतात, कारण ओट्यापाशी तासन्‌तास उभे राहणे आता होत नाही. गेलेल्या गिऱ्हाइकांनी दुसरी सोय पाहिली, आणि ती त्यांची चूक म्हणता येत नाही.

रस्त्यावर असताना

धावती कुत्री येताना दिसली तर पळू नये आणि ओरडू नये. त्यांच्या धावण्याच्या वाटेतून बाजूला होऊन झाड, भिंत किंवा उभी मोटार पाठीशी घ्यावी. तशी जागा नसेल तर त्यांच्याकडे तोंड करून, पाय खांद्याइतके फाकवून, गुडघे थोडे वाकवून स्थिर उभे राहावे. ऐनवेळी डावीउजवीकडे उडी मारू नये. धावता कुत्रा स्थिर वस्तूला बहुधा वळसा घालतो, हलणाऱ्या वस्तूचा अंदाज त्याला येत नाही. कुत्र्यांचा खेळ चालू असलेल्या मैदानात गप्पा मारीत उभे राहावयाचे असल्यास मध्यभागी न थांबता कडेला, पाठीमागे काहीतरी आडोसा घेऊन थांबावे.

कुत्रा गुरगुरत असेल तर नजरेला नजर भिडवू नये, हात अंगाशी घ्यावेत, आणि पाठ न फिरविता हळूहळू मागे सरावे. पिशवी, छत्री, पाण्याची बाटली यांपैकी काही हाती असल्यास ते दोघांमध्ये धरावे. काठी आधारासाठी असावी. उगारलेली काठी भांडणाचे निमंत्रण ठरते. खाली पडल्यास अंगाची मोट करून कान व मान दोन्ही हातांनी झाकावी. भांडणाऱ्या कुत्र्यांना हाताने सोडविण्याचा प्रयत्न मालकानेही करू नये. दुचाकीमागे कुत्रे लागल्यास वेग वाढविण्याऐवजी कमी करावा, कारण अशा प्रसंगी चाव्यापेक्षा पडणेच अधिक घातक ठरते. रात्री उशिरा घरोघरी जिन्नस पोहोचविणाऱ्या तरुणांना हे विशेष सांगावेसे वाटते. फिरताना चपलेऐवजी मागून बंद असलेले बूट घालावेत आणि कानांतील गाणी निदान पहाटे तरी बंद ठेवावीत. लहान मुलांना जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्ले घेऊन बसलेल्या कुत्र्यापाशी एकटे सोडू नये.

पाळीव कुत्र्यांच्या मालकांना विनंती करण्याइतपत अधिकार या लेखास असावा. ज्या जागी कुत्र्यांना मोकळे सोडण्याची सोय केलेली आहे अशा जागा मुंबईत फार थोड्या. रस्ता व वसाहतीचे आवार ही ती जागा नव्हे. पट्टा हातात असावा, पण बोटांभोवती गुंडाळलेला नसावा, कारण कुत्र्याने हिसका दिल्यावर मालकाचीच बोटे मोडतात, आणि तेही रुग्ण आमच्याकडे येतात. कायद्याची बाजूही माहीत असावी. आपल्या ताब्यातील प्राण्याबाबत निष्काळजीपणा करणे हा पूर्वी भारतीय दंडविधानाच्या कलम २८९ खाली गुन्हा होता; १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली येतो आणि त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. ही तरतूद केवळ कागदावर नाही. २०१० मध्ये घडलेल्या चाव्याच्या एका प्रकरणात गिरगाव न्यायालयाने २०२३ मध्ये मालकास तीन महिन्यांची शिक्षा सुनावली, आणि वरळीतील एका इमारतीच्या लिफ्टमध्ये २०१८ साली झालेल्या चाव्याबद्दल २०२५ मध्ये चार महिन्यांची. निकालास लागलेली वर्षे वाचकांनी मोजली असतीलच. जखमी माणसास मात्र पैसा पहिल्याच आठवड्यात लागतो.

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न या शहरास नवा नाही. जून १८३२ मध्ये कंपनी सरकारने दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस लावून कुत्री मारण्याचा हुकूम राबविला तेव्हा कोटात मोठा दंगा उसळला होता आणि त्यात पारशी समाज अग्रभागी होता. त्याच शहरात, परळला, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून उभे आहे. २०१४ च्या गणनेत मुंबईत सुमारे ९५ हजार भटकी कुत्री आढळली. २००१ च्या आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या नियमांनुसार मार्ग निर्बीजीकरण व लसीकरणाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये याच मार्गाला अनुसरून, रेबीजग्रस्त वा आक्रमक कुत्री वगळून, इतरांना मूळ जागी सोडण्यास सांगितले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात मात्र शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा ठिकाणांहून पकडलेली कुत्री तेथेच परत न सोडण्याचे व रुग्णालयांनी रेबीजची लस व इम्युनोग्लोब्युलिन यांचा साठा ठेवण्याचे निर्देश दिले. आपल्या देणगीदारांत कुत्र्यांना रोज अन्न देणारे आहेत आणि त्यांच्यापासून त्रास झालेलेही आहेत. दोघांच्याही पावत्या आम्ही सारख्याच आदराने फाडतो. अन्न ठरलेल्या जागी, फिरण्याच्या वाटेपासून दूर आणि फिरण्याच्या वेळा टाळून दिले गेले, तर भूतदयेत काहीच उणे पडत नाही, एवढेच प्रशासनाचे मत.

खर्चाविषयी कुटुंबांनी संकोच न करता पहिल्याच दिवशी विचारावे. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या २००६ च्या योजनेनुसार व सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१कक खाली धर्मादाय रुग्णालयांतील १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखीव असतात, आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. शिधापत्रिका व तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. हाडमोडीचा रुग्ण अचानक येतो, दाखला तयार नसतो. तरी उपचार थांबत नाहीत, कागदपत्रे मागाहून देता येतात. या निधीत शस्त्रक्रिया बसते. घरी गेल्यावर लागणारी कमोडची खुर्ची, वॉकर, रिक्षाभाडे आणि बुडालेली मजुरी मात्र त्यात बसत नाही. नेमकी हीच पोकळी देणगीदारांच्या मदतीने थोडीफार भरून निघते.

या वर्षापासून केसपेपरवर 'पडल्याने' या शब्दापुढे 'कशामुळे' असा एक लहान रकाना छापून घेतला आहे. नोंदणी खिडकीवर तो भरून घेताना रुग्णांनी व नातेवाइकांनी खरे कारण सांगावे, मालक ओळखीचा असला तरीही. रुग्णसाहित्य कक्षात वॉकर, कुबड्या व कमोडच्या खुर्च्या अनामत रकमेवर दिल्या जातात आणि वस्तू परत येताच अनामत पूर्ण परत केली जाते. ज्यांच्या घरी अशा वस्तू वापराविना पडून असतील त्यांनी त्या आणून द्याव्यात. रबरी बुंधे झिजलेले असले तरी चालतील, ते आम्ही बदलून घेतो.